चौथं वजन

मी एक पेपरवेट. पेपरवेट बोलायला लागला म्हणून तुम्ही हसाल, तर खुशाल हसा. माझं उभं आयुष्य एका बँकेच्या तिसऱ्या मजल्यावर गेलं. तिथे हसणारी माणसं मी फार थोडी पाहिली, आणि जी पाहिली त्यांच्या हसण्याची मला धास्तीच वाटायची.

दिसायला मी साधा आहे. काचेचा, मुठीत मावणारा, खालून सपाट, वरून गोल. पोटात एक निळा बुडबुडा आहे. लोकांना ते नक्षीकाम वाटतं, पण तो दोष आहे. घडवताना हवा आत अडकली. कारागीर मला परत भट्टीत टाकणार होता, तेवढ्यात मालक ओरडला, "राहू दे रे, सहा पुरे करायचेत, गाडी बाहेर उभी आहे." असा मी घाईघाईत पास झालो. पुढे घाईघाईत पास झालेले बरेच कागद माझ्याखालून गेले, तेव्हा दर वेळी मला माझा जन्म आठवायचा.

ती गाडी होती थोरल्यांची. थोरले म्हणजे ज्यांनी बँक काढली ते. तेव्हा बँक म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची एक खोली, एक तिजोरी आणि रस्त्यावर उघडणारी एक भलीमोठी खिडकी. काचेचा कारखाना त्यांचा पहिला कर्जदार. त्याचं कर्ज फिटलं त्या दिवशी थोरल्यांनी आठवण म्हणून आम्हा सहा जणांना विकत घेतलं. एक स्वतःला, एक बायकोला, दोन मुलांना दोन, मुलीला एक. सहावा कपाटात ठेवला, पुढच्या पिढीसाठी.

आणि मग त्यांनी एक पद्धत घालून दिली. ती मी दुसऱ्या कुठल्याही बँकेत असल्याचं ऐकलेलं नाही. अर्थात मी ऐकून ऐकून किती ऐकणार!

थोरले म्हणाले, "घरात वाद झाला की आवाज चढतात. आवाज चढले की धाकटी माणसं गप्प बसतात. या खोलीत नाही म्हणायला कुणाला तोंड उघडावं लागू नये." म्हणून मोठा निर्णय असला की प्रत्येकासमोर प्रस्तावाची एक प्रत ठेवायची. वाचायचं. पटलं तर आपला पेपरवेट उचलून कागदावर ठेवायचा. नाही पटलं तर तो बाजूलाच राहू द्यायचा. कारण कुणी विचारायचं नाही. एक जरी पेपरवेट बाजूला राहिला, तरी प्रस्ताव परत. याला घरात 'वजन ठेवणं' म्हणत. त्या वेळी खोलीत फक्त घरचे. कारकून, सेक्रेटरी, शिपाई, सगळ्यांनी बाहेर जायचं आणि दार लावून घ्यायचं.

थोरल्यांचा दुसरा नियम याहून छोटा होता. जिथे घरचा पैसा नाही, तिथे गिऱ्हाइकाचा नाही. म्हणजे लोकांचे पैसे ज्या धंद्यात घालायचे, त्यात आधी आपले घालायचे. बुडालो तर बरोबर बुडू.

पुढे बँक वाढली. सगळ्यात वर घरची कंपनी, तिच्या पोटात बँक, बँकेच्या पोटात गिऱ्हाइकांचे पैसे गुंतवणारा निधी, असा बाहुलीच्या पोटात बाहुलीचा प्रकार झाला. सगळ्यात आतली बाहुली हलवायची असली, तरी हात घालायचा तो वरूनच, तिसऱ्या मजल्यावरच्या त्या टेबलापाशी. बाहेरच्या पाटीवर मोठमोठे हुद्दे होते. त्या हुद्द्यांवरची माणसं टाय लावून यायची आणि खरा निर्णय दाराबाहेर उभी राहून ऐकायची.

मी थोरल्या मुलाच्या वाट्याला आलो. सावकाश माणूस. विचार करताना मला तळहातावर घेऊन बसायचा. मी कोमट व्हायचो. मला कोमट होऊ देणारा तोच पहिला. त्याच्याकडे डोळ्यांच्या एक डॉक्टरबाई यायच्या. त्यांचा मुलगा अंगाने वाढला, बुद्धीने लहान राहिला. बाई म्हणायच्या, "मला जास्त नको हो. मी गेल्यावर ह्याला कुणापुढे हात पसरावा लागू नये, एवढंच बघा." आणि तो म्हणायचा, "तुमचे जिथे, तिथे आमचे. झोपा निवांत." मुलगा तोवर मला उचलून डोळ्याला लावायचा आणि बुडबुड्यातून खिडकी बघायचा.

मग तो सावकाश माणूस आजारी पडला, आणि गेला मात्र भराभर.

दोन महिन्यांनी त्याच्या खुर्चीत त्याची मुलगी येऊन बसली. तिला आठवा महिना होता. तिसऱ्या मजल्यावर तिला सगळे चिमणी म्हणत. वय चौतीस, दोन पदव्या, पण काकांच्या तोंडी चिमेच. काका म्हणजे थोरल्यांचा धाकटा मुलगा, आता सगळ्यांच्या वरचा. टेबलाभोवती आता चारच वजनं उरली होती. काकांचं, आत्यांचं, काकांच्या मुलाचं (ह्याला राजे म्हणत, आणि ह्याला ते आवडायचं), आणि चौथा मी.

चिमणीबद्दल काय सांगू? प्रत्येक प्रस्ताव ती तीनदा वाचायची. समासात पेन्सिलीने प्रश्न लिहायची आणि काका आत आले की खोडरबरने पुसायची. बाळ झाल्यावर तर तिची त्रेधाच. पिशवीत एका कप्प्यात ताळेबंद, दुसऱ्यात दूध काढायचा पंप. मीटिंग लांबली की ब्लाउजवर ओल यायची आणि ती छातीशी फाइल धरून बसायची. सगळ्यांना वाटायचं, काय ही अभ्यासू मुलगी!

काकांना मात्र बरोबर कळायचं. ते मायेनेच बोलायचे, तीच तर पंचाईत होती.

"चिमे, ठेव गं वजन. बाळ उठलं असेल."

"काका, हे पान एकदा..."

"भाऊ असता तर त्यानेही हेच केलं असतं. तू कशाला जिवाला घोर लावून घेतेस? आम्ही आहोत ना."

आणि ती मला उचलून कागदावर ठेवायची. असे सात कागद झाले. त्यातले पाच तरी तिला नीट समजले नव्हते. मला समजले होते का? छे. मी काच आहे. पण तिच्या बोटांना घाम यायचा तो मला कळायचा.

आठवी होती निळी फाइल. रक्त-लघवी तपासणाऱ्या प्रयोगशाळांची एक कंपनी होती, शहरोशहरी शाखा असलेली. तिच्यात घरचा मोठा हिस्सा होता. प्रस्ताव असा, की घरचा सगळा हिस्सा गिऱ्हाइकांच्या निधीने विकत घ्यावा. भाषा फार सुरेख होती. 'गिऱ्हाइकांना वाढीची संधी' असं काहीतरी. चिमणीने तीनदा वाचलं, मग चौथ्यांदा वाचलं.

"काका, म्हणजे आपण बाहेर आणि गिऱ्हाइकं आत?"

"संधी देतोय त्यांना."

"पण ही किंमत दोन वर्षांपूर्वीची आहे. त्यानंतर त्या मोठ्या हॉस्पिटलने ह्यांचं काम काढून घेतलं ना? मी... म्हणजे, माझं चुकत असेल..."

"चुकतंय," राजे म्हणाला. "चिमणे, बाळंतपणात माणसं फार वाचतात आणि भलतंच वाचतात."

आत्या चष्मा पुसत हसल्या. आत्यांचा चष्मा नेहमी अडचणीच्या वेळी मळायचा. काका हसले नाहीत. म्हणाले, "आठ दिवस घे. नीट वाच. पुढच्या बुधवारी दहाला ठेवू."

त्या संध्याकाळी तिने मला पिशवीत टाकून घरी नेलं. मी पहिल्यांदा बँकेबाहेर पडलो. बाळाने मला पाहिलं आणि सरळ चाटलं.

तिचा नवरा शाळेत भूमिती शिकवतो. त्याने विचारलं, "हे काय आणलंस?"

"सराव करायला."

"कसला सराव?"

"न ठेवण्याचा."

तो आधी हसला, मग तिचं तोंड बघून थांबला. आठ दिवस रोज जेवणानंतर ती टेबलावर एक कागद ठेवायची, बाजूला मी, आणि हात मांडीवर. बाळ समोरच्या खुर्चीत. "तुम्ही काका," ती बाळाला सांगायची. बाळ पेजेचा चमचा आपटायचं. "काका, मला हे पटत नाही," ती म्हणायची, आणि नवऱ्याकडे वळून विचारायची, "फार उद्धट वाटतं का रे?"

"बोलायचंच नाही म्हणतेस ना तिथे?"

"नाहीच बोलायचं. पण बोलले तर? मला सवय आहे बोलून माफी मागायची."

मंगळवारी दुपारी तिने मला परत नेलं आणि मामांच्या हातात दिलं. मामा म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे शिपाई. एकतीस वर्षं तिथेच. "मामा, जागेवर ठेवा. उद्या लागणार आहे." मामांनी मला शर्टाला पुसलं आणि तिच्या जागी उजव्या बाजूला ठेवलं.

बुधवारी सकाळी बाळाला ताप आला. चिमणीने काकांना फोन करून सांगितलं, "डॉक्टरांकडे आहे. पंधरा मिनिटं उशीर होईल. माझ्याशिवाय सुरू करू नका."

त्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरचं एसी बंद पडला होता. म्हणून मामांनी थोरल्यांच्या वेळची ती मोठी खिडकी उघडली. आत्या बसल्या होत्या, राजे बसला होता, त्यांचे हात आपापल्या कागदांवर होते. काका खिडकीकडे तोंड करून फोनवर बोलत होते. चिमणीची प्रत तेवढी मोकळी होती. वारा आला, प्रत खाली पडली. मामांनी उचलून ठेवली. पुन्हा उडाली, ती थेट खिडकीकडे. मामांनी ती धावत पकडली. समासात पेन्सिलीने लिहिलेलं होतं, ह्या वेळी न पुसलेलं. पोरीने इतकं लिहिलंय, रस्त्यावर जायचं, म्हणून त्या भल्या माणसाने ती प्रत तिच्या जागी ठेवली आणि तिच्यावर मला ठेवलं.

एकतीस वर्षं मामा दाराबाहेर उभे राहिले होते. आत काय चालतं ते त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. त्यांच्या लेखी पेपरवेट हा कागद उडू नये म्हणूनच असतो. आणि खरं सांगू का, बरोबर त्यांचंच होतं. मी त्यासाठीच तर घडलो होतो.

मामा बाहेर गेले. दार लागलं. काका फोन ठेवून वळले आणि त्यांची नजर माझ्यावर पडली. मग रिकाम्या खुर्चीवर. मग पुन्हा माझ्यावर.

"वा," ते म्हणाले. "चिमणीचं वजन आहे."

राजे गडबडला. "पप्पा, ती अजून आलीच नाहीये. हे तर मामांनी..."

"वजन आहे ना कागदावर?"

"आहे."

"मग झालं."

आत्यांनी चष्मा काढला. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी मामांचा हात पाहिला होता, मला ठेवताना. पण त्यांनी काच पुसली, चष्मा घातला आणि आपलं वजन उचलून ठेवलं. राजेने ठेवलं. काकांनी ठेवलं. सेक्रेटरीला आत बोलावून नोंदवहीत लिहून घेतलं, चारही वजनं पडली.

मला त्या क्षणी काय करता आलं असतं? घरंगळता आलं असतं? पण माझा तळ सपाट आहे. मी जिथे ठेवतील तिथे राहतो. मी तेवढ्यासाठीच चांगला समजला जातो.

चिमणी धापा टाकत आली तेव्हा कॉफी चालली होती.

"सॉरी, सॉरी. सुरू नाही ना केलं?"

"संपलं गं," काका म्हणाले. "तुझं वजन होतंच."

तिने माझ्याकडे पाहिलं. कॉफीचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या मामांकडे पाहिलं. मामांचा चेहरा कागदासारखा झाला. काय झालं ते त्यांना कळलं नव्हतं. आपल्या हातून काहीतरी झालं, एवढं कळलं होतं. सात महिन्यांनी त्यांची नोकरी पुरी होणार होती.

"पण काका, मी तर..."

"चिमे," काकांनी जवळ येऊन तिच्या डोक्यावर हात ठेवला. "ताप किती आहे बाळाला?"

"एकशे एक."

"आणि तू इथे काय करतेस? जा. आधी घरी जा."

आणि ती गेली. जाताना तिने मला उचलून पिशवीत टाकलं, थर्मामीटरशेजारी. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. जिन्यावर ती एकदा थांबली. मला वाटलं, परत फिरतेय. ती फक्त मोबाइल बघत होती.

ती पुन्हा मीटिंगला गेली नाही. आधी बाळाला बरं नव्हतं, मग तिला स्वतःला. काका दर आठवड्याला फोन करून बाळाची चौकशी करत. तिने मला फडताळात ठेवून दिलं, औषधांच्या बाटल्यांच्या मागे.

पाचव्या महिन्यात प्रयोगशाळांना टाळं लागलं. गिऱ्हाइकांना पत्रं गेली की निधीतून पैसे काढणं तूर्त थांबवलं आहे. 'तूर्त' हा शब्द डॉक्टरबाईंनी चिमणीला बोट ठेवून दाखवला. बँकेत त्यांना कुणी भेटेना, म्हणून त्या मुलाला घेऊन घरी आल्या होत्या. मुलगा आता तिशीचा. त्याने दारातच सांगितलं, "बेचाळीस पायऱ्या आहेत."

"तुझे बाबा म्हणायचे, तुमचे जिथे तिथे आमचे," बाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "मी चौकशी केली. तुमचे आधीच निघालेत म्हणे. बेटा, एकच विचारते. तूसुद्धा हो म्हणालीस?"

चिमणी उठली. म्हणाली, "बाई, पाणी आणू?"

बाईंनी पाणी घेतलं नाही. त्या जाताना मुलाने फडताळातला बुडबुडा ओळखला. बाटल्या बाजूला सारून त्याने मला काढलं, डोळ्याला लावलं आणि जेवणाच्या टेबलावर ठेवून दिलं. त्या दिवसापासून मी तिथेच राहिलो. चिमणी मला टाळून जेवायची.

मग सरकारी तपासणीस आले. त्यांनी नोंदवही मागितली. आणि एका रविवारी सकाळी काका घरी आले, बाळासाठी ढकलायची लाकडी गाडी घेऊन. बाळ नुकतं उभं राहायला लागलं होतं.

"जावईबापू, कॉफी करता का जरा कडक?" नवरा आत गेल्यावर त्यांनी खिशातून कागद काढला. "चिमे, काही नाही, एक सही. त्या बुधवारी तू फोनवर होकार कळवलास आणि वजन तुझ्या सांगण्यावरून ठेवलं, एवढंच लिहिलंय."

"मी तसं सांगितलं नव्हतं, काका."

"मला माहीत आहे." ते सहज म्हणाले. तेवढं सहज मी कुणाला काही म्हणताना ऐकलेलं नाही. "पण नाही म्हणालीस, तर ते तुलाच विचारतील. पाच महिने गप्प का बसलीस? काय सांगशील? बाळाला ताप होता?"

ती बाळाचं झबलं सारखं करत राहिली.

"भाऊची खुर्ची तुझीच आहे. उद्या हिची आहे." त्यांनी बाळाकडे बोट केलं. "आणि मामांचा तरी विचार कर. म्हातारा कुठे अडकला तर? सही कर, सगळे सुटतात."

पंख्याच्या वाऱ्याने कागद उडायला लागला. काकांनी हात लांब केला, मला उचललं आणि कागदावर ठेवलं. सवयीने. मग ते खाली बसून बाळाला गाडी दाखवायला लागले. "ये, ये, चाल बघू. काकाआजोबांकडे ये."

कागदावर बसलो होतो मी. माझ्याखाली तिचं नाव होतं आणि नावापुढे मोकळी जागा. चिमणी उभी होती. मला तिच्या हाताचा घाम आठवत होता, सात कागदांचा. मनात म्हटलं, आता पेन शोधेल. तिने खरंच पेन शोधलं. टोपण काढलं. परत लावलं.

बाळ गाडीला धरून एक पाऊल टाकून धपकन बसलं आणि कुणाला न विचारता पुन्हा उठलं.

चिमणीने मला उचललं. माझ्या जुन्या जागी, उजव्या बाजूला, ठेवलं. तिने मला ठेवलं तेव्हा आवाज झाला नाही. कागद एकदा फडफडला आणि टेबलाखाली गेला.

काकांनी वर पाहिलं. त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. त्या घरात लहानाचे मोठे झालेल्या माणसाला ते समजायचंच.

"विचारतील तुला," ते म्हणाले.

"सांगेन. घाबरले होते म्हणून सांगेन. आधीचे सात न समजता ठेवले, तेही सांगेन."

"खुर्ची जाईल."

"हो." तिने पेन टेबलावर ठेवलं. "कॉफी होतेय, काका. घेऊन जा."

काकांनी कॉफी घेतली नाही. लाकडी गाडी मात्र राहिली.

सध्या मी तपासणीसांच्या कचेरीत आहे. एका पारदर्शक पिशवीत, वर चिठ्ठी आणि नंबर. चिमणीने स्वतः मला आणून दिलं. दोन तास बसून तिने सगळं लिहून दिलं, मध्ये तीनदा घरी फोन केला, आणि निघताना विचारलं, "मी काही वेडंवाकडं नाही ना लिहिलं?" तिच्यावर काय येणार, ते अजून कुणी सांगितलेलं नाही. डॉक्टरबाईंचे पैसे परत मिळतील का, तेही नाही. दुसऱ्या दिवशी मामा आले, नोकरीतला शेवटचा महिना चालू असताना. त्यांनी लिहून दिलं, 'वारा होता. वजन मी ठेवलं. बाईसाहेब खोलीत नव्हत्या.' एकतीस वर्षांत त्यांचा शब्द पहिल्यांदाच कागदावर आला. आत्यांची वाट बघताहेत. त्या अजून आलेल्या नाहीत.

तिसऱ्या मजल्यावर आता पेपरवेट नाहीत म्हणे. बटणं आली आहेत. बटणाचं मला काही सांगता येणार नाही. पण माझी एक विनंती आहे. कुठल्याही कागदावर कुणाचं वजन दिसलं, तर मोजण्याआधी शेजारची खुर्ची बघा. तिथे माणूस होता का, एवढं विचारा. मला विचारू नका. मी जिथे ठेवलं तिथे राहतो.

आणि कधी सुटलोच इथून, तर मला त्या बेचाळीस पायऱ्या मोजणाऱ्या मुलाकडे द्या. तो मला कागदावर ठेवत नाही. डोळ्याला लावतो.